किल्ल्यासमोरचे तंबू

कोलकात्याचा फोर्ट विल्यम आता फोर्ट विल्यम राहिलेला नाही. लष्कराच्या पूर्व विभागाचं हे मुख्यालय आज ‘विजय दुर्ग’ म्हणून ओळखलं जातं आणि हे नाव आलं ते थेट आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या विजयदुर्गावरून. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही बातमी बाहेर आली. किल्ल्यातल्या किचनर हाउसचं माणेकशॉ हाउस झालं आणि सेंट जॉर्जेस गेटचं शिवाजी गेट. ज्या शहरानं १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीनं स्वतःभोवती ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणायला घेतला, त्याच शहराच्या किल्ल्याला मराठ्यांच्या आरमारी दुर्गाचं नाव मिळावं, ही इतिहासाची गंमतच. लष्करानं ठरवलं, पाट्या बदलल्या, विषय संपला.

त्याच किल्ल्यासमोरच्या मैदानावर मात्र एका नावातली तीन अक्षरं पुसायला तीन वर्षं लागली. नाव एका फुटबॉल क्लबचं होतं.

मोहन बागानच्या नावाआधी २०२० मध्ये ‘एटीके’ ही अक्षरं चिकटली आणि २०२३ मध्ये ती निघाली. मधल्या काळात समर्थकांनी मोर्चे काढले, फलक धरले, स्टेडियमकडे पाठ फिरवली. पलीकडच्या तंबूत, म्हणजे प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल क्लबात, समर्थक त्याच सुमारास पोलिसांच्या काठ्या खात होते, पण नेमक्या उलट मागणीसाठी. एका घरात ‘हा करार मोडा’ म्हणून आरडाओरडा, शेजारच्या घरात ‘हा करार करा’ म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला हा नेहमीचा बंगाली भावनाविवश गोंधळ वाटेल. पण दोन्ही घरांतलं दुखणं एकच होतं: ज्यांच्या जिवावर क्लब उभा आहे, त्यांना कुणीच काही विचारत नाही.

हे मैदान मुळात खेळासाठी राखलेलं नव्हतं. १७५६ मध्ये सिराज-उद-दौल्यानं इंग्रजांचा जुना किल्ला जिंकला. प्लासीनंतर इंग्रजांनी नवा बांधला तेव्हा तोफांसमोर आडोसा नको म्हणून गोविंदपूर गाव उठवलं आणि भोवती मोकळं रान ठेवलं. तोफा कधी धडाडल्या नाहीत, रान मात्र राहिलं. आजही ते लष्कराच्या ताब्यात आहे. त्यामुळे तिथं मनाला येईल तसं पक्कं बांधकाम करता येत नाही, आणि म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षांच्या क्लबांच्या मुख्यालयांना कोलकात्यात अजून ‘टेंट’ म्हणतात. आत कार्यालय आहे, करंडकांची कपाटं आहेत, सभासदांची उठबस आहे. पण शब्द तंबूचाच. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर तंबू ठोकून बसले आहेत.

या रानातच २९ जुलै १९११ ला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले. बूट होते फक्त सुधीर चॅटर्जींच्या पायांत. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. गर्दी एवढी, की मागच्यांना गोल कळावेत म्हणून पतंग उडवून आकडे दाखवल्याचं सांगतात. सामना संपल्यावर गर्दीतल्या एका वृद्धानं फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून ‘तो कधी उतरवणार?’ असं खेळाडूंना विचारलं, ही आख्यायिका बंगालमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. खरी असो वा नसो, क्लब म्हणजे तिथं काय चीज आहे हे ती नेमकं सांगते. २९ जुलै हा दिवस आजही ‘मोहन बागान दिवस’ म्हणून साजरा होतो.

ईस्ट बंगालचा जन्मच मुळी अपमानातून झाला. १९२० मध्ये जोडाबागान क्लबनं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस यांना वगळलं. क्लबचे पदाधिकारी सुरेशचंद्र चौधुरी त्यावरून बाहेर पडले आणि १ ऑगस्टला पूर्व बंगालच्या माणसांचा वेगळा क्लब उभा राहिला. फाळणीनंतर लाखो निर्वासित कोलकात्यात आले तेव्हा घर, शेत, नदी सगळं मागं राहिलं होतं. हातात धरायला उरला तो लाल-पिवळा झेंडा. मूळचे पश्चिम बंगालवाले ‘घोटी’ आणि पूर्वेकडून आलेले ‘बांगाल’, घोट्यांची कोळंबी आणि बांगालांचा इलिश मासा, ही वाटणी या दोन क्लबांच्या लढतीच्या, म्हणजे डर्बीच्या, दिवशी बाजारातल्या मासळीच्या टोपल्यांपर्यंत पोहोचते. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला साल्ट लेक स्टेडियममध्ये १,३१,७८१ प्रेक्षक होते. बायचुंग भुतियानं तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४-१ नं जिंकलं.

एवढी माणसं असलेला धंदा कंपन्यांच्या नजरेतून सुटणार कसा? १९९८ मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी समूहानं दोन्ही क्लबांच्या फुटबॉल कंपन्यांत निम्मा वाटा घेतला. एक संघ ‘मॅकडॉवेल मोहन बागान’ झाला, दुसरा ‘किंगफिशर ईस्ट बंगाल’. म्हणजे जे दोन क्लब एकमेकांच्या पराभवावर जेवतात, त्यांचा अर्धा मालक एकच. कागदावर हे अजबच होतं. पण तेव्हा फारसं बिघडलं नाही, कारण तंबू, रंग आणि संघ चालवणारी माणसं जुनीच राहिली. पुढं चिटफंडांचे पैसेही दोन्हीकडे आले. शारदा समूहाचा घोटाळा फुटल्यावर २०१४ मध्ये दोन्ही क्लबांतल्या बड्या पदाधिकाऱ्यांना सीबीआयनं अटक केली. पुढं त्यांना जामीन मिळाला. आपल्या क्लबात पैसा कुठून येतो आणि कुणाच्या शब्दावर येतो, हे समर्थकांना वर्तमानपत्रातून कळलं. क्लबच्या वार्षिक सभेतून नव्हे.

खरी उलथापालथ २०१९ नंतर झाली. त्या ऑक्टोबरमध्ये आशियाई महासंघाच्या आराखड्यानं इंडियन सुपर लीगला (आयएसएल) देशातली पहिली लीग ठरवलं आणि जुनी आय-लीग एक पायरी खाली गेली. आयएसएलमध्ये जायचं तर वर्षाला कोट्यवधींचं शुल्क, त्याशिवाय संघाचा खर्च. दोन्ही जुन्या क्लबांकडे तेवढी पुंजी नव्हती. दुसरा दरवाजा उघडा नाही हे दिसत असताना माणूस जी किंमत सांगतील ती मोजतो. दोघांनी तेच केलं.

मोहन बागाननं १६ जानेवारी २०२० ला संजीव गोएंकांच्या आरपीएसजी समूहाला फुटबॉल कंपनीतला ८० टक्के वाटा दिला. हा समूह २०१४ पासून कोलकात्यातच आयएसएलचा संघ चालवत होता: आधी ‘अटलेटिको दे कोलकाता’, आणि माद्रिदवाल्यांची साथ सुटल्यावर ‘एटीके’. दोन्ही संघांचं विलीनीकरण ठरलं. गंमत अशी, की पुढच्या मार्चमध्ये दोन्ही विजेते झाले. १० मार्चला मोहन बागाननं कल्याणीत ऐजॉलला हरवून आय-लीग खिशात टाकली, चार फेऱ्या बाकी असतानाच. चार दिवसांनी एटीकेनं फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये आयएसएल जिंकली. आता नव्या संघाचा प्रशिक्षक कोण? आय-लीग जिंकून देणारे किबू विकुन्या केरळला गेले, एटीकेचे अंतोनिओ हाबास राहिले. लग्नात कुणाच्या घरचा स्वयंपाकी राहिला यावरून घर कुणाचं हे पाहुण्यांना कळतं. नव्या संघाला आयएसएलचे ‘गतविजेते’ म्हटलं जाऊ लागलं तेव्हा तर १३१ वर्षांचा क्लब सहा वर्षांच्या संघाच्या पोटात गेल्याची सल आणखी खोल गेली.

हिरवा-मरून रंग आणि शिडाची नाव हे चिन्ह टिकलं. त्यासाठीही आधी समर्थकांना जीव टांगणीला लावून बसावं लागलं. जुलै २०२० मधल्या संचालकांच्या बैठकीत तो निर्णय झाला. शिडाच्या नावेवर ‘एटीके’ मात्र बसलंच.

पलीकडे ईस्ट बंगालची गत निराळी. २०१८ मध्ये बेंगळूरुच्या क्वेस कंपनीनं ७० टक्के वाटा घेतला. पहिल्याच मोसमात संघ आय-लीगमध्ये एका गुणानं दुसरा आला. पण कंपनी आणि क्लबचे ‘कर्मकर्ते’ (पदाधिकाऱ्यांना मैदानावर हाच शब्द आहे) यांचं पटेना. २०२० च्या मे महिन्यात क्वेस बाहेर पडली. १ ऑगस्ट २०२० ला क्लबला शंभर वर्षं झाली त्या दिवशी त्याच्याकडे गुंतवणूकदारही नव्हता आणि आयएसएलमधली जागाही. सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी नबान्नमधून, म्हणजे राज्याच्या सचिवालयातून, श्री सिमेंटचं नाव जाहीर केलं. वाटा ७६ टक्के. घाईघाईत प्राथमिक मसुद्यावर सह्या झाल्या, संघ गोव्याला रवाना झाला, आणि अंतिम करारावर कर्मकर्त्यांनी सही करायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, या कलमांनी क्लबच विकला जातो. कंपनीचं म्हणणं, जे मान्य केलं होतं तेच मागतोय.

कोण बरोबर होतं? समर्थकांना ते ठरवता येईना, कारण करारातली कलमं पूर्णपणे त्यांच्यासमोर कधी मांडलीच गेली नाहीत. जे कळायचं ते फुटलेल्या बातम्यांतून. २१ जुलै २०२१ ला लेस्ली क्लॉडियस सरणीवरच्या तंबूसमोर शेकडो जण जमले. सही करा म्हणणारे एका बाजूला, कर्मकर्त्यांच्या बाजूचे दुसऱ्या. लाल-पिवळ्याच जर्सीतली माणसं एकमेकांच्या अंगावर धावली आणि मग पोलिसांनी लाठीमार केला. ऑगस्टच्या अखेरीस मुख्यमंत्र्यांनी पुन्हा मध्यस्थी केली, कंपनी आणखी एक मोसम थांबली. त्या मोसमात ईस्ट बंगालनं वीसपैकी एक सामना जिंकला आणि संघ अकरांत अकरावा आला. नंतर श्री सिमेंट गेली. मे २०२२ मध्ये इमामी आली. जाहीर कुठून झालं? पुन्हा नबान्नमधूनच.

आठवणीत ठेवण्यासारखी आणखी एक तारीख आहे, १९ जानेवारी २०२०. मोहन बागानचा सौदा जाहीर झाल्यावर तीनच दिवसांनी डर्बी होती. नागरिकत्व कायद्यावरून देश तापला होता. ईस्ट बंगालच्या समर्थकांनी गॅलरीत भलामोठा फलक उलगडला. आशय असा, की ही माती रक्त देऊन घेतली आहे, कागद दाखवून नाही. निर्वासितांच्या नातवंडांनी ते म्हणावं यात नवल नव्हतं. नवल हे, की पुढं त्यांचा क्लब एका कागदासाठीच अडून राहिला, आणि तो कागद त्यांच्यापैकी कुणाच्या हाती पडला नाही.

इथंच या सगळ्या प्रकरणाचा काटा आहे. कोलकात्यातल्या फुटबॉलचा कारभार आज चार ठिकाणांहून चालतो. जमीन लष्कराची. संघ कंपनीचा. तंबू आणि इतिहास कर्मकर्त्यांच्या ताब्यात. भांडण झालं की तोडगा राज्य सरकारचा. चारही जागी निर्णय होतात आणि एकाही जागी समर्थकाला खुर्ची नाही. त्यानं तिकीट काढायचं, जर्सी घ्यायची, पोराला घेऊन यायचं, हरल्यावर उपाशी झोपायचं. मोहन बागानवाले मालकावर चिडतात आणि ईस्ट बंगालवाले कर्मकर्त्यांवर, म्हणून दोन्ही आंदोलनं परस्परविरोधी वाटतात. एका घरात मालकानं विचारलं नाही, दुसऱ्या घरात निवडून आलेल्यांनी विचारलं नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

‘क्लबला सभासद आहेत, निवडणूक होते, मग आवाज नाही कसा?’ असा प्रश्न कुणी विचारेल. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचं उत्तर समजावून सांगायला नको. सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा ज्यानं पाहिली आहे, त्याला सभासद, पॅनेल, बिनविरोध आणि ‘मंजूर, मंजूर’ या शब्दांचा अर्थ पुरता ठाऊक आहे. सभासदत्व हजारांत, समर्थक लाखांत. आणि जे सभासद आहेत त्यांच्यासमोरही मोठा करार येतो तो ठरून झाल्यावर. ऊस घालणाऱ्याला काट्यावर जेवढा मान, तेवढाच गॅलरीतल्या माणसाला तंबूत.

विरुद्ध बाजू मांडली पाहिजे, कारण ती लंगडी नाही. मोहन बागानचा मालक विचारेल: ट्रॉफ्या कोण आणतंय? २०२३ मध्ये आयएसएलचा करंडक, २०२४ मध्ये लीग शील्ड, २०२५ मध्ये दोन्ही. मार्च २०२३ मध्ये फातोर्ड्याला बेंगळूरुला पेनल्टीवर हरवल्यावर गोएंकांनी तिथंच जाहीर केलं, की ‘एटीके’ जाणार. म्हणजे मालकानं ऐकलं. ईस्ट बंगालला कर्मकर्त्यांच्या हट्टानं काय दिलं? जानेवारी २०२४ मध्ये कार्लेस क्वाड्रातच्या हाताखाली सुपर कप जिंकला तेव्हा राष्ट्रीय पातळीवरच्या करंडकाचा बारा वर्षांचा दुष्काळ संपला. लीगमध्ये मात्र एकामागून एक मोसम तळातच गेले. तिसरा शेजारी मोहम्मेडन स्पोर्टिंग. १९३४ पासून सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकणारा हा क्लब २०२४ मध्ये आय-लीग जिंकून वर आला आणि पहिल्याच मोसमात थकलेल्या पगारांच्या बातम्यांत सापडला. प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशॉव निघून गेले, संघ तळाला राहिला. पैशावाचून चालत नाही, हे समर्थकांनाही कळतं. ईस्ट बंगालवाले तर काठ्या खाऊन ‘सही करा’ म्हणत होते!

पण जिंकणं आणि जाब देणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे मोहन बागानच्याच उदाहरणातून दिसलं. नावातलं ‘एटीके’ गेलं आणि त्या जागी शेवटी ‘सुपर जायंट’ आलं. पुण्याच्या वाचकांना हे बिरुद ओळखीचं वाटेल. याच समूहाचा आयपीएल संघ २०१६ मध्ये ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ होता, पुढच्या वर्षी ‘सुपरजायंट’ झाला, अंतिम सामना मुंबईकडून एका धावेनं हरला आणि विसर्जित झाला. तेच नाव पुढं लखनौला गेलं. पुण्यात त्यासाठी कुणी रस्त्यावर उतरलं नाही, उतरण्याचं कारणही नव्हतं. दोन वर्षांच्या कराराचा तो संघ होता. पण १८८९ च्या क्लबला तोच शिक्का लावताना मालकाला फरक जाणवला नाही, याचंच समर्थकांना वाईट वाटलं. मग सप्टेंबर २०२५ मध्ये संघ आशियाई स्पर्धेच्या सामन्यासाठी इराणला गेला नाही आणि महासंघानं माघार धरून त्याला बाद केलं. आदल्या वर्षीही असंच घडलं होतं. खेळाडूंच्या सुरक्षेचा प्रश्न खरा असेल. पण दोन वर्षांत दोनदा आशियाची वाट बंद होते आणि त्याचा नीट खुलासा समर्थकांना मिळत नाही, म्हटल्यावर करंडकांचं कपाट कितीही भरलेलं असो, मन भरत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यानं तर याहून वाईट पाहिलं आहे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये मालकाच्या एका निर्णयानं बंद झाला. पुणे एफसी गेला. एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादनं घेतली. मुंबई एफसी २०१७ मध्ये खाली घसरला आणि मिटला. पिवळी जर्सी घालून कूपरेजला ओरडणारी पोरं अनाथ झाली. गोव्यात २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तीन दिग्गज भारतीय महासंघाच्या धोरणाचा निषेध करत आय-लीगमधून बाहेर पडले. कोल्हापुरात मात्र पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ वर्षानुवर्षं शाहू स्टेडियमवर भिडतात आणि कुणाच्या मनात येत नाही की पाटाकडील विकत घेऊन सांगलीला न्यावा. कारण संघ तालमीचा आहे, तालीम पेठेची आहे. कोल्हापूरच्या फुटबॉलकडे करोडो रुपये नाहीत, हाणामाऱ्याही काही कमी होत नाहीत. पण संघ कुणाचा, हा प्रश्न तिथं पडत नाही.

बाहेरच्या जगानं या प्रश्नावर उत्तरं शोधली आहेत. जर्मनीत ‘५० अधिक १’ चा नियम आहे: कंपनीनं पैसा घालावा, पण मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडे राहावं. त्यालाही पळवाटा आहेत, तरी चौकट टिकून आहे. वेल्समधल्या कार्डिफ सिटीच्या मालकानं २०१२ मध्ये निळा संघ लाल केला आणि अडीच वर्षांनी समर्थकांपुढे हात टेकून पुन्हा निळा केला. २०२१ च्या एप्रिलमध्ये बड्या क्लबांची युरोपियन सुपर लीग जाहीर झाली आणि इंग्लंडमध्ये समर्थक रस्त्यावर उतरताच दोन-तीन दिवसांत कोसळली. त्या धक्क्यातून तिथं चौकशी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये कायदा. आता तिथं स्वतंत्र नियामक आहे. चिन्ह किंवा मुख्य रंग बदलायचे तर बहुसंख्य समर्थकांची संमती लागते, घरचं मैदान विकायचं तर परवानगी. संघात कुणाला घ्यायचं, प्रशिक्षक कोण, यात समर्थकांनी नाक खुपसावं असं तो कायदा म्हणत नाही.

भारतात हे जसंच्या तसं येणार नाही. आपल्याकडे लीगचाच पाया डळमळीत. भारतीय महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी असलेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, त्याआधी जुलैतच आयएसएल लांबणीवर पडली, नव्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि शेवटी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना लीग सुरू होण्याची तारीख जाहीर करावी लागली. दिल्लीतसुद्धा नबान्नचाच प्रयोग. अशा वेळी मालक म्हणतील, आम्ही तोटा सोसतोय, वर तुमच्या अटी? पण नाव, रंग, चिन्ह आणि घर या चार गोष्टी विक्रीबाहेर ठेवायला कुणाचा किती खर्च होतो? वर्षाचे हिशेब प्रसिद्ध करायला? गुंतवणूकदाराशी होणाऱ्या कराराचा मसुदा सहीपूर्वी सभासदांपुढे ठेवायला, आणि संचालक मंडळात समर्थकांनी निवडलेला एक माणूस बसवायला? उलट यातून मालकाचाच फायदा आहे. तीन वर्षांची ‘एटीके हटवा’ मोहीम एका बैठकीत टळली असती.

समर्थकांच्या बाजूनंही झाकण्यासारखं काही नाही असं नव्हे. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवरच्या डर्बीत दंगल होऊन सोळा जण मेले. डिसेंबर २०१२ मध्ये गॅलरीतून आलेल्या दगडानं मोहन बागानचा रहीम नबी जखमी झाला, संघ मैदान सोडून गेला आणि क्लबवर बंदीची वेळ आली. दगड मारणाऱ्याला संचालक मंडळात खुर्ची द्या, असं कोण म्हणेल? पण जबाबदारी दिल्याशिवाय जबाबदारपणा मागता येत नाही, आणि संघटित होण्याची ताकद या माणसांत आहे हे दिसलेलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या खुनानंतर ड्युरँड चषकाची डर्बी पोलिसांनी सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली. सामना नाही म्हटल्यावर दोन्हीकडचे समर्थक, जोडीला मोहम्मेडनवालेही, स्टेडियमबाहेर एकत्र आले. हिरवा-मरून आणि लाल-पिवळा झेंडा खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोस पत्नीसह त्यांच्यात आला. लाठीमार झालाच. पण कोळंबी आणि इलिश एका ताटात वाढलेले शहरानं त्या दिवशी पाहिले.

आणि समर्थकाला गृहीत धरल्यावर काय होतं, हेही शहरानं पाहिलं. १३ डिसेंबर २०२५ ला लिओनेल मेस्सी साल्ट लेक स्टेडियममध्ये आला. हजारो रुपयांची तिकिटं काढून आलेल्यांना तो दिसलाच नाही. भोवती पुढारी, अधिकारी, त्यांचे आप्त आणि मोबाइल. वीसेक मिनिटांत तो निघून गेला. मग खुर्च्या उडाल्या, आयोजकाला अटक झाली, मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली, क्रीडामंत्र्यांनी पद सोडण्याची तयारी दाखवली. तो कार्यक्रम कुठल्या क्लबचा नव्हता. पण गॅलरीतला माणूस तोच होता, आणि मैदानावर त्याच्या आणि खेळाच्या मध्ये उभी राहिलेली माणसंही त्याच जातकुळीची.

मैदानावर गुंतवणूकदार येतात आणि जातात. क्वेस गेली, श्री सिमेंट गेली, पुढं आणखी कुणी येईल. तेव्हा पुन्हा फुलांचे गुच्छ असतील, नबान्नमध्ये छायाचित्रं निघतील. त्याआधी एक साधं काम करता येईल. क्लॉडियस सरणीवरच्या तंबूत आणि शेजारच्या हिरव्या-मरून तंबूत सूचनाफलक आहेत; सामन्यांच्या वेळा, तिकिटांची माहिती, श्रद्धांजल्या तिथं लागतात. नव्या कराराचा मसुदा बंगालीत, सगळ्या कलमांसह, महिनाभर त्याच फलकावर लावून ठेवावा. खाली हरकती आणि सूचनांसाठी एक वही, आणि वहीला दोरीनं बांधलेलं पेन.